सव्वा महिन्याची थाळी

आमच्या घरात माणसांची वंशावळ बापाच्या नावानं चालते आणि कुत्र्यांची आईच्या नावानं. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, स्वतःच्या पणजोबाचं नाव विचारा, ते डोकं खाजवत बसतील. पण लिलीची मोगरी, मोगरीची शेवंती, शेवंतीची जाई असं एकदा सुरू झाले की थेट आमच्या जुईपर्यंत न अडखळता येतात. मध्येच कुणी खोकलं तर पुन्हा लिलीपासून सुरुवात. माझं लग्न ठरवायला आमची मंडळी दहिवलीहून इथं आली, तेव्हा मुलगा रसायनीच्या कंपनीत कायम आहे का, हे विचारायला माझ्या वडिलांनी तोंड उघडलं होतं. आबांनी त्यांना आधी कुत्री दाखवली. जितेश मला नंतर दिसला.

कुत्री बुल टेरियर. जवळच्या चौक गावच्या बाजारात सगळे बुलटेर म्हणतात. पांढरीशुभ्र, आखूड केसांची, अंगानं घट्ट, आणि कपाळ कुठं संपलं नि नाक कुठं सुरू झालं ते कळू नये असं लांबोडकं डोकं. अंड्याला दोन कान लावले तर दिसेल तसं. मी पहिल्याच दिवशी बोलून गेले, "हिचं थोबाड डुकराचं हाय." आबांनी त्या दिवशी माझ्या हातचा चहा घेतला नाही. सासूबाई अंबाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्या हसत होत्या हे मला पुढे कळलं.

लिलीची गोष्ट आबा येईल त्याला सांगतात. त्यांचा आजा खंडाळ्याच्या घाटावर एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात माळी होता. साहेबाकडे पांढरी बुलटेर होती. मूळ हे कुत्रं विलायतेतलं. तिथल्या लोकांनी बुलडॉगची ताकद आणि टेरियरची चपळाई एकत्र केली, आधी झुंजीसाठी, मग कुणा हौशी माणसानं त्यातून पांढरंशुभ्र, रुबाबदार कुत्रं काढलं आणि साहेबलोक ते घेऊन मिरवायला लागले. आमच्या साहेबाची चाल अशी की पिल्लं थोडी मोठी झाली की त्यांच्या मागं बंदुकीचा बार काढायचा. दचकलं ते वाटून टाकायचं, न दचकलं ते ठेवायचं. स्वातंत्र्य आलं, साहेब बोटीनं मायदेशी निघाला आणि जाताना लिलीची दोरी माळ्याच्या हातात देऊन गेला. आजा लिलीला घेऊन चालत घाट उतरला. घरी आल्यावर साहेबाची चाल पुढे चालवायची तर बंदूक कुठली आणणार? त्यानं पितळेची थाळी घेतली.

तेव्हापासून आमच्याकडे पिल्लांचा सव्वा महिना असतो. बाळंतिणीचा असतो तसाच. त्या दिवशी अंगण सारवायचं, पिल्लांना हळदीचं बोट लावायचं, चौकची मंडळी बोलवायची. मग एकेक पिल्लू गोणपाटावर दुधाच्या वाटीपुढे ठेवायचं आणि ते प्यायला लागलं की मागून थाळीवर पळी हाणायची. जी मादी दुधातून तोंड काढत नाही, ती घराची. तिला पांढऱ्या फुलाचं नाव, कारण लिली हेसुद्धा पांढरं फूल. बाकीची पिल्लं मागणाऱ्यांना फुकट. अंगावर काळा डाग असलेलं पिल्लू तर थाळीपर्यंतही जात नसे. पुण्या-मुंबईची कागदवाली माणसं कधी येतात आणि वंशाचे कागद मागतात. आबा म्हणतात, "कागद हाय की. ह्या तोंडात हाय. बसा, लिलीपासून सांगतो." आणि ती बिचारी बसतात.

आबांचा गर्व उगाच नव्हता, हे मी भांडकुदळ असूनही कबूल करते. दिवाळीत गावातली झाडून सगळी कुत्री पलंगाखाली असतात, जुई ओट्यावर पाय पसरून झोपलेली. वरातीचा डीजे दारातून गेला, भांडी थरथरली, ही नुसती मान वर करून बघते. ओट्यावर झोपते तीसुद्धा हनुवटी फरशीला टेकवून, आणि परका पाय अंगणात पडला रे पडला की उठून उभी. भुंकणं नाही, धावणं नाही. चोर असेल तर त्याचं त्यालाच परत जावंसं वाटेल असं बघत राहायचं. आमच्या घरी कधी काही चोरीला गेलेलं नाही.

आणि हाक मारायची नाही हा नियम. नवीन होते तेव्हा मी भाकरीचा तुकडा घेऊन "जुई, जुई गं" करत अंगणभर फिरले. आमच्या दहिवलीच्या कुत्र्याला नाव घेण्याआधीच कळायचं. जुईनं ढुंकून पाहिलं नाही. आबा म्हणाले, "हाका मारून गावठी कुत्री येतात गं. हिला मान द्यावा लागतो. समोर जायचं, हात करायचा." त्यांनी समोर जाऊन तळहात छातीकडे नेला आणि जुई तीरासारखी आली. दोन बोटं खाली केली, बसली. बोट दाराकडे, दारात जाऊन उभी. मनगट फिरवलं तर घराला एक चक्कर मारून परत. एवढं सगळं तोंडातून शब्द न काढता. मला राग आला होता, पण बघत राहावंसं वाटत होतं.

यंदा जुईला शेवटची पिल्लं झाली. वय झालंय, पुन्हा होऊ द्यायची नाहीत, असं आधीच ठरलं होतं. या वेळी घरची कुत्री मिळाली नाही तर लिलीपासूनची माळ तुटली. पिल्लांचा बाप पुण्याचा, टेंपोत घालून आणलेला. त्याच्या एका डोळ्याभोवती काळं होतं. आबांनी नाक मुरडलं होतं, पण निखळ पांढरा नर जवळपास मिळाला नाही. पिल्लांत माद्या दोनच निघाल्या. एक दुधासारखी पांढरी. दुसरीच्या डोळ्यावर बापाचा डाग. आबा पांढरीला उचलून गावभर दाखवून आले.

पिल्लांचे डोळे उघडले, ती रांगायला लागली, तशी जुई पुन्हा संध्याकाळी आबांबरोबर चौकला जाऊ लागली. जुन्या हायवेला कमळ्यातात्यांचं पंक्चरचं दुकान आहे, तिथं आबांची बैठक. त्या दिवशी माझ्या स्कूटीचं चाक बसलं होतं म्हणून मीही होते. कमळ्यातात्यांकडे आमच्याच घरचा ठिपक्या आहे. जुईच्या आधीच्या वेतातला, डागाचा म्हणून गोणपाटावर न गेलेला, वर दुसऱ्यांची थाळी वाजली तरी उडी मारून पळालेला. आबा त्याला बघून रोज म्हणणार, "काय रं भित्र्या?" आणि कमळ्यातात्या रोज म्हणणार, "भित्रा असंल, पण नाव घेतलं की येतो."

बाजूच्या ढाब्यावर एक टेंपो मागं घेत होते. ते टीं टीं वाजत होतं, क्लीनर पाठीमागून ओरडत होता. जुई टेंपोकडे पाठ करून आबांकडे बघत उभी होती. ठिपक्या केव्हाच बाजूला झाला होता. ढाब्यावरचा एक जण कौतुकानं म्हणाला, "काय काळीज हाय बघा, हलत पण नाय." आबांची मान वर झाली. मी ओरडले, "जुई!" पुन्हा ओरडले. माझा घसा फाटला, पण तिनं मान वळवली नाही. आबा हात करणार तेवढ्यात चाक तिच्या मागच्या पायाला लागलं.

कर्जतला जनावरांच्या डॉक्टर आहेत, तेजश्री मॅडम. तरुण आहेत, हात हलका आहे. त्यांनी पाय बघितला, प्लास्टर घालायचं ठरलं. टेबलावर जुई तडफडत होती. आबांनी तिच्या डोळ्यांपुढे दोन बोटं खाली केली आणि ती मुकाट पडून राहिली. मॅडम थांबल्या. त्यांनी एकदा आबांच्या हाताकडे पाहिलं, एकदा जुईकडे. मग तिच्या मागं गेल्या आणि स्टीलचा ट्रे भिंतीवर आपटला. मी जागच्या जागी उडाले. जुईचा कानसुद्धा हलला नाही.

"बघितलं?" आबा भरल्या डोळ्यांनीच हसले. "पाय मोडलाय, तरी दचकली नाय."

"काका," मॅडम हळू म्हणाल्या, "दचकली नाही, कारण तिला ऐकू आलं नाही. ती बहिरी आहे. जन्मापासूनच असावी."

मॅडम समजावत होत्या की पांढऱ्या बुल टेरियरमध्ये हे होतं, रंगाबरोबरच येतं, डागवाल्या पिल्लांत फार कमी. बहिरी कुत्री सांभाळणं सोपं नसतं, लोक त्यांना टाकून देतात. बहिरी असून इतकी शहाणी, इतकी शांत कुत्री मी पाहिली नाही, कुणी शिकवलं हिला, असंही त्यांनी विचारलं. आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते जुईच्या कानाला हात लावून उभे होते.

माझ्या डोक्यात मात्र थाळी वाजायला लागली होती.

परत येताना रिक्षात जुई आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी होती. आबा बाहेर बघत म्हणाले, "कालची पोरगी. तिला काय कळतंय? सव्वा महिन्याला बोलवतो तिला. अशी पिल्ली निवडतो की बघत राहील."

मला गप्प बसता येत नाही, तेव्हाही आलं नाही. "आबा, थाळीच तर घोटाळा करतीय. जी दचकत नाय तिला आपण घरात ठेवतो. ती का दचकत नाय? तिला ऐकाय येत नाय म्हणून. आपण दरवेळी बहिरीच निवडली. तिच्या पिल्लांतली परत बहिरी. चांगल्या कानाची सगळी तालुक्यात वाटून टाकली, भित्री म्हणून."

आबांनी रिक्षा थांबवली. मला वाटलं, आता माझ्या बापाचा उद्धार होणार. पण त्यांनी जुईचं डोकं अलगद माझ्या मांडीवर सरकवलं, खाली उतरले आणि चौकच्या दिशेनं चालायला लागले. मी हाका मारल्या. त्यांनी मागं पाहिलं नाही. त्या वेळी मला स्वतःच्या जिभेचा फार राग आला.

त्यानंतर आबा बोलेनासे झाले. लिलीची गोष्ट बंद झाली. दारी आलेल्या पोस्टमननंच एकदा "लिलीपासून सांगा की" म्हटलं, तर आबा उठून गोठ्याकडे गेले. जितेश मला म्हणाला, "तुला काय गरज होती?" मी म्हटलं, "पुढची पण चाकाखाली जाऊ द्यायची होती का?" सासूबाई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या, "कुकरच्या शिट्टीला ह्या घरातली एक कुत्री कधी उठली नाय. मला तवाच वाटायचं. पर ह्यांच्यापुढं बोलायचं कुणी?"

मग एका दुपारी मी कपडे काढायला मागच्या अंगणात गेले आणि तिथंच थबकले. जुई प्लास्टरचा पाय लांब करून पिल्लांना पाजत होती. आबा तिच्या मागं उभे होते. त्यांच्या हातात ती थाळी होती, आज्याची. "जुई," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की तो आपलाच आहे याची त्यांना लाज वाटत असावी. तिचं नाव तोंडानं घेऊन तिला बोलवताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "जुई. जुई गं." मग त्यांनी थाळीवर पळी हाणली. पिल्लं बिचकून पांगली. डागवाली तर आईच्या पोटावरून पलीकडे गेली. दोन पिल्लं मात्र पीतच राहिली, पांढरी मादी आणि एक पांढरा नर. जुईनं, पिल्लं का पळाली म्हणून, मान वळवून बघितलं. आबा दिसले तशी शेपूट हलवायला लागली.

आबा तिच्याजवळ खाली बसले. मला बघून त्यांनी थाळी लपवली नाही. "अक्षदा," ते म्हणाले, "हिनं मला एकदा पण कळू दिलं नाय गं." आणि मग माझे सासरे, ज्यांच्यापुढे चौकमध्ये कुणी आवाज चढवत नाही, ते कुत्रीच्या मानेत तोंड घालून रडले. मी कपडे तसेच दोरीवर ठेवून आत गेले. माझेही डोळे भरले होते.

सव्वा महिना आला. मला वाटलं होतं, या वेळी आबा कुणाला बोलावणार नाहीत. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, तेजश्री मॅडमनासुद्धा. कमळ्यातात्या ठिपक्याला घेऊन आले. सासूबाईंनी अंगण सारवलं, मी पिल्लांना हळदीचं बोट लावलं. आबांनी पांढरा सदरा घातला होता. त्यांच्या मनात काय आहे ते मला शेवटपर्यंत कळत नव्हतं. ती पांढरी उचलली तर मी सगळ्यांसमोर भांडणार होते, हेही ठरवलं होतं.

आधी पांढरी. गोणपाटावर ठेवली, दुधाला लागली. थाळी वाजली. तिनं शेपूटसुद्धा हलवली नाही. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "अस्सल! लिलीची नात शोभते!" कमळ्यातात्या ओरडले.

आबांनी टाळ्या संपू दिल्या. मग डागवाली आणून ठेवली. मंडळी हसली, कारण डागाचं पिल्लू गोणपाटावर कधी येत नसे. ती दूध चाटायला लागली. आबांनी पळी हाणली. डागवाली चारी पायांवर उडाली, दुधाची वाटी उपडी झाली, ती घसरली, उठली आणि धूम ठोकून थेट माझ्या साडीत शिरली. अंगणात हशा पिकला. आबांनी थाळी खाली ठेवली, माझ्याजवळ आले, तिला साडीतून सोडवून उचललं आणि डोक्यावर धरलं.

"ही घराची," ते म्हणाले.

"आरं धाकलू, ही तर घाबरली की रं!" कमळ्यातात्या आबांना नावानं हाक मारत म्हणाले.

"घाबरली नाय. हिनं ऐकलं." आबांचा आवाज खणखणीत होता. "आमच्या घरच्या कुत्र्या बहिऱ्या हायत. आमी समजलो, काळीज मोठं. आज्यापासून चुकलो. थाळी बरोबर वाजत होती, निवडायला आमी चुकलो."

कमळ्यातात्यांनी ठिपक्याकडे पाहिलं. "म्हंजे माझा ठिपक्या..."

"तुझा ठिपक्या चांगला हाय. मी त्याला रोज भित्रा म्हटलो, त्याची माफी मागतो." आणि खरोखर आबांनी वाकून ठिपक्याच्या डोक्यावर हात ठेवला. कमळ्यातात्यांनी टोपी काढली.

मॅडमनी विचारलं, "आणि ही पांढरी, काका? तो नर? त्यांना कोण नेणार?"

"नेतंय कोण? द्यायचीच नायत." आबांनी मॅडमकडे बघितलं, आणि दवाखान्यात न ऐकलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आता दिलं. "तुमी म्हणालात, बहिरी कुत्री लोक टाकून देतात. लिलीपासून आमच्या दारात एवढ्या बहिऱ्या वाढल्या. चोर आला नाय, लेकराला चावली नाय, कुणाला कळलं पण नाय. मला पण नाय! आमच्या घराला हाताची भाषा येती, मॅडम. माझ्या आज्याला येत होती, बापाला येत होती, माझ्या सुनंला पण आता येती. अशी कुत्री वाढवायची तर ह्याच घरात." ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, आणि मी इतक्या लोकांत रडू आवरायला लागले. त्या घराची सून असल्याचा एवढा गर्व मला लग्नात मंगळसूत्र घालतानाही वाटला नव्हता. जुईला आता दोरीशिवाय हायवेला न्यायचं नाही आणि बहिऱ्यांना पिल्लं होऊ द्यायची नाहीत, हेही त्यांनी तिथंच जाहीर केलं. माळ पुढे जाईल ती डागवालीकडून.

डागवालीचं नाव मोगरी ठेवलं. लिलीच्या लेकीचं. मोगऱ्याला कुठं काळा डाग असतो, असं कुणी तरी म्हणालं. आबा म्हणाले, "आमच्या मोगऱ्याला असतो."

मंडळी गेली. अंगणात आम्हीच उरलो. मोगरी कुंपणाशी कोंबडीच्या पिसामागं लागली होती. आबा ओट्यावर उभे राहिले, घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं. हाक कशी मारतात ते त्यांना येतच नव्हतं. "मोगरे," ते पुटपुटले. मग छाती भरून ओरडले, "मोगरे! ये गं!"

कुंपणाशी काळ्या डागाचं डोकं गर्रकन वळलं. आबांच्या तोंडून "आं!" असा आवाज निघाला. तोंडानं हाक मारता मारता त्यांचा तळहात सवयीनं छातीकडे गेला होता. तो बघून दारातली जुई प्लास्टरचा पाय ओढत उठली, आणि आई उठली म्हणून पांढरी पिल्लंही तिच्या मागं निघाली. सगळ्यात आधी मोगरी पोचली. आबा खाली बसले आणि एका हातानं मोगरीला, दुसऱ्यानं जुईला धरून आतल्या बाजूला ओरडले, "अगं ए, भाईर या! बघा, सगळी आली!"